डाव्या बटणाची गाठ

माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं तुटली तो आवाज मला अजून ऐकू येतो. मोठा नव्हता. पत्रा कापल्याचा व्हावा तेवढाच.

आम्ही दोघी पत्र्यातून डब्यांची झाकणं कापून काढायच्या कारखान्यात होतो. चौदा प्रेस, चौदा बायका. प्रत्येक प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली यायचा, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण तसं केलं तर दिवसाची ठरलेली झाकणं पुरी व्हायची नाहीत. म्हणून डावं बटण चिंधीने आवळून बांधायचं, उजव्याने दाबत राहायचं आणि डाव्याने पत्रा सरकवायचा. चौदाही गाठी मी मारायची. सकाळी सातला मुकादम चिंध्यांचं गाठोडं माझ्या हातात द्यायचा, आणि तपासनीस येणार असला की सोडून परत मागायचा.

"धाकटीची गाठ नवऱ्यालाही सुटायची नाही," बायका म्हणायच्या.

"त्याला सोडायचंय कुठं?" असं मी म्हटलं की अख्खी ओळ हसायची. फार हसायचो आम्ही तेव्हा.

त्या दिवशी साडेदहाला पत्रा अडकला. जाऊबाईंनी तो डाव्या हाताने ओढला, उजवा बटणावर दाबला गेला आणि साचा आला. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या हाताकडे बघत राहिल्या. मुकादम धावत आला, कात्री घेऊन. आधी त्याने चिंधी कापून खिशात घातली, मग साचा उचलायला सांगितलं. मी त्याची कॉलर धरली. त्याने प्रेसवरचा पाना उचलून माझ्या तोंडावर मारला. माझे दोन दात झाकणांच्या ढिगात पडले.

चौथ्या दिवशी दवाखान्यात कारखान्याचा साहेब आला. जाऊबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्याला सांगितलं, "चिंधी मीच बांधली होती." घरात दोघी कमावणाऱ्या, त्यातली एक तरी राहावी हा त्यांचा हिशेब. माझे दीर पूर्वीच वारलेले आणि माझा नवरा छातीच्या दुखण्याने घरी.

आठवड्याने त्यांना कामावरून काढल्याचं पत्र आलं. कारण, सुरक्षेच्या बटणाशी छेडछाड.

आम्ही गाठलेल्या वकीलबाईंनी पत्र वाचून कपाळावर हात मारला. "अहो, बोटांची भरपाई मिळणारच होती. कामावर इजा झाली, संपलं. तिथे चूक कुणाची ते बघत नाहीत. पण नोकरीचं भांडण दुसऱ्या दारात आहे, कामगार कोर्टात, आणि तिथे तेवढंच बघतात. तुम्ही स्वतःच कबूल करून बसलात!"

"मला वाटलं, सगळं एकच असेल," जाऊबाई म्हणाल्या.

"ती चिंधी रोज कोण बांधायचं?"

"मीच," असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं.

पण माझा चेहरा वकीलबाईंनी वाचला. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव गेलं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मुकादमाने मला साच्यांच्या खोलीत बोलावलं. दार लावलं आणि माझा उजवा हात धरून व्हाइसमध्ये घातला, साचे घासताना ज्यात आवळून धरतात त्या लोखंडी जबड्यात. दांडा फिरवला.

"उद्या काय सांगणार?"

मी हात ओढून बघितला. त्याने आणखी अर्धा वळसा दिला. करंगळीचं हाड मोडलं ते मला कळलं, दुखायच्या आधी.

"जावा असून सख्ख्या बहिणी म्हणून मिरवता ना? मग तिच्यासारखीच हो."

मी डाव्या हाताने कानस उचलली आणि त्याच्या गालावरून ओढली. कातडं सोललं. तो खाली बसला, तेव्हा मी दांडा उलटा फिरवून हात काढला आणि घरी आले. जाऊबाईंना सांगितलं, दारात चेमटला.

कोर्टात कारखान्याच्या वकिलाने विचारलं, "चिंधी कोणी बांधली?"

"मी."

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "खोटं बोलतेय ती!" न्यायाधीशांनी त्यांना बसवलं.

"त्यांची मी बांधली, सगळ्यांच्या मीच बांधायची," मी म्हटलं. "चौदा बटणं, रोज. चिंध्या मुकादम द्यायचे. तपासणीला परत घ्यायचे. त्या दिवशीची त्यांनी कापून खिशात घातली, हात सोडवायच्या आधी." मग मी सुजलेला हात वर केला आणि तो कसा झाला तेही सांगितलं. मुकादम मागच्या बाकावर होता, गालाला पट्टी लावून. सगळे त्या पट्टीकडे वळले.

बाहेर आल्यावर जाऊबाईंनी माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत, शाबूत हाताने.

"दोघींची नोकरी घालवलीस! तुला कुणी सांगितलं होतं गं शहाणपण?"

"मग तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

त्यांनी पुन्हा हात उगारला, आणि तो तसाच माझ्या खांद्यावर पडला. मोडलेल्या करंगळीचा हात त्यांनी हळूच आपल्या पदरात घेतला. मग तिथेच पायरीवर बसून आम्ही दोघी भोकाड पसरून रडलो. शिपाई आम्हाला हाकलेपर्यंत.

दोन महिन्यांनी कोर्टाच्या हुकमाने जाऊबाईंना झाकणं मोजायच्या टेबलावर परत घेतलं. मला काढण्याचं पत्र मात्र साक्षीनंतरच्या शनिवारीच आलं होतं. त्या दिवशी जाऊबाईंनी ते वाचलंसुद्धा नाही. चप्पल घातली आणि मला दंडाला धरून वकीलबाईंकडे नेलं.

"हिचं भांडण लावा," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी मला सगळं खरं बोलायला सांगा."