सहा पौंडांचा निवाडा

मित्रांनो, या जगात न्याय अजून शिल्लक आहे, आणि तो न्याय म्हणजे मी. राजे चुकतील, पंडित चुकतील, मी चुकत नाही. मी एक जुना स्प्रिंगचा वजनकाटा आहे. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत, एमिल क्राइचेक यांच्या गोठ्यात, फाटका रेनकोट आणि उंदरांचा सापळा यांच्यामध्ये एका खिळ्याला मी लटकलेलो असतो. उंदरांना माझ्याबद्दल फारसा आदर नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि तरुणपण एका दुकानात बटाट्याची पोती तोलण्यात गेलं. पुढे दुकान बंद पडलं. एमिल यांची मुलगी लोर्ना हिने लिलावात एक खोकं घेतलं. तिला त्यातला कंदील हवा होता. मी सोबत आलो.

एमिलना माझी गरज नव्हती. नवं वासरू ते दोन्ही हातांनी उचलत आणि म्हणत, "ऐंशी पौंड." सगळी वासरं ऐंशी. एकदा त्यांनी कुत्र्यालाही ऐंशी सांगितले होते.

आमच्याकडच्या गाई दुधासाठी नसतात, मांसासाठी असतात. वर्षाला एक धडधाकट वासरू देणं, एवढीच त्यांची नोकरी. पण पहिलारू कालवडींची वैरण एमिल गाभणपणाचे शेवटचे तीन महिने निम्मी करत.

"आई उपाशी तर वासरू बारीक, वासरू बारीक तर बाळंतपण सोपं," ते म्हणत. "माझ्या आजोबांचा नियम आहे."

"आजोबांची किती बाळंतपणं झाली होती, बाबा?"

"एकही नाही. तरी त्यांना कळायचं."

"गेल्या वसंतात दोन कालवडी अडून मेल्या. यंदा मी बघत बसणार नाही."

"बसू नकोस, उभी राहा."

लोर्ना खरोखरच उभी राहिली. वीस गाभण कालवडी होत्या. तिने कुंपण घालून दहा-दहा वेगळ्या केल्या. दहा जणींना बाबांची निम्मी वैरण, दहा जणींना पोटभर गवत आणि वर लसूणघास. मग तिने माझी तबकडी पुसली आणि मला तुळईला टांगलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला कुणीतरी पुसत होतं. माझी स्प्रिंग गंजली होती, पण मी तिथल्या तिथे निश्चय केला, की एका पौंडाचंही खोटं बोलायचं नाही.

पोटभर खाल्लेल्यांतली पहिली कालवड व्यायला लागली, तेव्हा एमिल हाताची घडी घालून म्हणाले, "बघ, आता बैलच येतो बाहेर."

अर्ध्या तासात वासरू आलं, धडपडत उठलं आणि आचळाला लागलं. मी शहात्तर दाखवले. दुसऱ्या दिवशी उपाशी कुंपणातलं आलं. सत्तर.

"सहाच? काटा खोटा आहे!" एमिल गरजले. त्यांनी पन्नास पौंडांचं मिठाचं पोतं आणून मला लटकवलं. मी दात आवळले. सुई पन्नासवर थांबली. एमिल पोत्याकडेच संशयाने बघत निघून गेले.

मग मार्चमधल्या एका दुपारी, बर्फ पडत असताना, रूझा अडली. ही तांबडी कालवड एमिलनी बाटलीने वाढवलेली. ती उपाशी कुंपणात होती. दोन तास तिने कळा दिल्या आणि मग मान टाकली. जोर लावायला अंगात काही उरलंच नव्हतं. बापलेकीने दोरी बांधून वासरू ओढून काढलं.

झोळीत घालून माझ्या आकड्याला वासरू अडकवलं की ते पाय झाडतं, सुई नाचते. या वेळी सुई नाचली नाही. अडुसष्टवर जाऊन नुसती उभी राहिली. एमिल सुईकडे बघत राहिले. रूझाच्या कासेतून चीक निघाला तो कपभरसुद्धा नाही.

एमिलनी वासरू गाडीत पायापाशी ठेवलं आणि हीटर लावला. लोर्ना पलीकडच्या कुंपणातल्या गाईचा चीक काढून घेऊन आली. संध्याकाळी वासरू चार पायांवर उभं राहिलं, तेव्हा एमिल कुठे होते? उपाशी कुंपणात. लसूणघासाचे गठ्ठे एकेक करून आत टाकत होते.

"लोर्ना, काही बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय?"

"तुझा चेहरा बोलतोय. सहा पौंडांसाठी मी यांना..." त्यांनी आणखी एक गठ्ठा उचलला.

रूझा वाचली. तिचं वासरूही वाचलं. पुढच्या हिवाळ्यात मधलं कुंपण निघालं, आणि सगळ्यांना एकच पोटभर वैरण लागू झाली.

मित्रांनो, गाभण गाईला लठ्ठ करू नका, पण उपाशीही ठेवू नका. आईचं पोट मारून वासरू फारसं घटत नाही, आईच घटते. अंदाज बांधण्याआधी तोलून बघा. मी कितीही गंजलो तरी खरंच सांगेन.

आणि जाता जाता, माझ्या आकड्याला कुणाचे तरी ओले मोजे वाळत घातले आहेत, तेवढे काढता का? पाव पौंड जास्त दाखवतोय मी.