मन्मथसरांचं माळवद

आमच्या मन्मथसरांना वारसा सापडला तो लातूरच्या ट्यूशन एरियात, आपल्या क्लासच्या तिसऱ्या हॉस्टेलचं काम चालू असताना. त्याआधी ते फक्त फिजिक्स शिकवायचे. भूकंपाला पंचवीस वर्षं होत आली, तेव्हा त्यांनी ठरवलं, आपली जुनी घरं नव्या पिढीला दाखवायची. तीही लोकसहभागातून, म्हणजे क्लासच्या पोरांनी गावाकडून जुन्या वस्तू आणायच्या. अहमदपूरच्या एका पोरानं आईचा रोजच्या वापरातला पाटाच उचलून आणला. दुसऱ्या दिवशी आई एसटीनं आली, सरांना चार शब्द ऐकवले आणि पाटा घेऊन गेली.

मी सरांच्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. सरांनी मला न विचारताच वारसा मंडळाची सचिव करून टाकलं.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये घर उभं राहिलं. दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचं माळवद. त्या पहाटे ज्या घरांनी झोपेतली माणसं गाडली, हुबेहूब तसलं. "अस्सल!" सर म्हणाले. ते स्वतः तेव्हापासून पत्र्याखाली झोपतात, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आमची अम्मी म्हणाली, "कबर कू चूना मारके दिखारा क्या ये आदमी?"

आता घरात शोभेला जुनं माणूस हवं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात पुनर्वसनाच्या गावातून सरजाबाई आल्या. नात बुद्धप्रिया बरोबर होती. पोरगी हुशार, पण मेडिकल थोडक्यात हुकलेलं. पुन्हा परीक्षेला बसायचं तर क्लास हवा, आणि फी झेपणारी नव्हती.

"आजी, उद्घाटनाला आत बसा," सर म्हणाले. "जुन्या घराचं सुख सांगा. पोरीची फी माफ."

सरजाबाईंनी माळवदाकडे पाहिलं. "माझं धाकटं लेकरू असल्याच घरात गेलं, सर. तवापासून असला उंबरा वलांडला न्हाई."

"म्हणून तर!" सर म्हणाले. मला त्यांची किळस आली.

उद्घाटनाला पाहुणे आत कोंबले. सरजाबाई जात्यापाशी बसल्या. सर मातीशी असलेल्या आपल्या नात्यावर बोलत होते, तेवढ्यात शेजारच्या प्लॉटात बोअरची गाडी सुरू झाली. जमीन थरथरली आणि वरून ओंजळभर माती सरांच्या मानेवर पडली.

लातूरकराला अशा वेळी विचार करावा लागत नाही. तरी सरांची चपळाई काही औरच. फोटोग्राफरला ढकलून, गळ्यातल्या हारासकट ते थेट रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे जाऊन थांबले. मागोमाग आम्ही सगळे.

सरजाबाई आतच होत्या. डोळे गच्च मिटलेले, जात्याचा खुंटा घट्ट धरलेला, पण बसलेल्या.

"आज्जे, भाईर ये!" बुद्धप्रिया रडत ओरडली.

बोअरची गाडी आहे हे कळल्यावर सर हसत परत आले. "काही न्हाई आजी, बोअर हाय! बसा तशाच, फोटो राहिलाय."

सरजाबाईंनी डोळे उघडले. "तवा मी पळाले आन लेकरू आत राह्यलं. आज नातीपायी न्हाई पळाले. पोरीचं नाव लिवा आता."

"लिहू की. आधी फोटो."

"मग तुमी बी या. माज्यापाशी बसा, आन लिवा हितंच."

सर उंबऱ्याशी आले. बोअरची गाडी अजून धडधडतच होती. त्यांनी एक पाय उचलला, वर पाहिलं, आणि पाय होता तिथंच ठेवला.

"नाजिया मॅडम," ते बाहेरूनच माझ्याकडे बघून ओरडले, "त्या पोरीची ॲडमिशन करून टाका!"