माडाखालची बाय

न विचारता देव्हाऱ्यात हात घालायचा, हे गुरुदास कुठल्या शाळेत शिकला कोण जाणे! कट्टा गावच्या शाळेत मास्तर झाला म्हणून घरचा देव खिशात घालून मुंबईला न्यायचा? सुभद्राकाकी पंधरा दिवस आल्यागेल्याला पुतण्याचं हेच गाऱ्हाणं ऐकवत होती.

देव म्हणजे काशाचं एक जाड नाणं. तिच्या आजेसासऱ्याला माडाचं आळं खणताना सापडलेलं. त्यावर एक झाड, झाडाखाली गालाला हात लावून बसलेली बाई; पाठच्या बाजूला एका पुरुषाचं तोंड. घरच्यांनी तेव्हाच ठरवलं, ही आपल्या माडांची राखणदारीण. दर दसऱ्याला तिला कोकमाच्या सोलांनी उजळायचं. सासूची ताकीद होती : बाईवरून नुसतं बोट फिरव, पाठच्या पुरुषाला मात्र राख लावून जोरात घास. तीस वर्षं सुभद्राकाकीने हात आखडता घेतला नव्हता.

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुरुदास परतला. नाणं पाटावर ठेवून जरा लांबच बसला.

"काकी, मुंबयच्या प्रोफेसरान बघितल्यान. दोन हजार वर्सां जुनां आसा. रोमच्या राजान एक देश जिंकल्यान, त्येची याद म्हणान पाडल्यान."

"आणि ही बाय?"

"ती म्हणजे तो हरलेलो देश. रडता आसा. देवी नाय ती, काकी. म्युझियमवाले मागतत. नाणां देऊ काय तेंका?"

काकीच्या जिभेवर शिवी तयार होती, पण ती तिथेच विरली. नाणं घेऊन ती दारातल्या उजेडात गेली. आजवर तिला वाटे, कामं उरकून बाई टेकली आहे. आता ती वाकलेली मान दिसली. दोन हजार वर्षं ही रडतेय, समुद्र ओलांडून आली, आणि आपण हिच्याकडे नारळ मागत बसलो!

तिने नाणं उलटलं. राजाला नाक नव्हतं, डोळे नव्हते. नुसता गुळगुळीत गोटा. पुन्हा सुलटं केलं. बाईच्या गालावरची बोटं अजून मोजता येत होती.

तीस वर्षं राख लावून घासलेला पुरुष तो हाच. हे आपल्या हातून कोणी करवून घेतलं?

तिने बाईला कुंकू लावलं, देव्हाऱ्यात बसवलं, हात जोडले. मग वळली.

"गुरुदासा, सांग तुज्या प्रोफेसराक. जिंकललो तो आमच्या चुलीच्या राखेन पुसलो गेलो. ही हरली, तरी बसान आसा. हिच्यापरीस मोठी देवी माका दाखव, मगे हिका मुंबयक व्हर. आणि फुडल्या येळाक देव्हाऱ्यात हात घालूच्या आदी माका विचार. मास्तर झालंस, पण शाणो होवचो आसस!"