यंत्राने दाखवलेली आस्वांग

संध्याकाळी ग्रामसभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खिडक्यांच्या गजांना पोरे लटकली होती, बायका मासळीच्या टोपल्या दाराशी टाकून तशाच आत घुसल्या होत्या. भिंतीवर पांढरी चादर होती, चादरीवर संगणकाचा उजेड, आणि त्या उजेडात सान रोके गावातल्या कुटुंबप्रमुखांची नावे एकाखाली एक. यादी लांबलचक, एका वेळी थोडीच नावे मावत होती. गावातली मुले तापाने एकामागून एक अंथरूण धरत होती, आणि हे कोणी केले ते वैदू सेवेरो आज दाखवणार होता.

कालपर्यंत सेवेरो पाण्यात पडलेल्या मेणाचा आकार बघून बाधा सांगायचा. आज त्याची मजल यंत्रापर्यंत गेली होती.

"माणूस खोटं बोलेल," तो गरजला, "पण या पेटीला ना भाऊ, ना मेहुणा! रक्त पिणारी आस्वांग आपल्या नावावर चांदणी उमटवते. ती आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसते. सर, शोधायच्या चौकटीत चांदणीचं चिन्ह घाला!"

कळफलकापाशी पोन्सियानो सर बसले होते. गणित शिकवून निवृत्त झालेले. गावात अशी कोष्टके हाताळता येणारी माणसे दोनच, एक नर्स एदलिन आणि दुसरे ते. एदलिन औषधे आणायला शहरात गेली होती, म्हणून आजचा मान सरांचा. मान त्यांना आवडत असे.

"ताप आधी कुठे आला? मेल्चोरकडे. तिथून सुरुवात करा," सेवेरो म्हणाला.

सरांनी मेल्चोरच्या नावावर खूण नेली, * ही चांदणी घातली, कळ दाबली. खूण खाली सरकून थांबली. नेमेसिया तुपास.

"अगं बाई गं!" कोणीतरी किंचाळले.

"पण तिच्या नावापुढे चांदणी कुठाय?" मागून एका कोळ्याने विचारले.

"तुला दिसली असती तर तू वैदू झाला असतास, आणि मी मासे विकत बसलो असतो!"

लोक हसले, आणि त्या हसण्यात शंका वाहून गेली.

नेमेसिया विधवा. पहाटे विकायच्या चिकट भाताच्या सुमानांसाठी तिच्या घरी रात्रभर दिवा जळे. संशयाला तेवढे पुरले. शिवाय, "तेल चोळून ताप जात नाही, पोराला नर्सकडे न्या," असे ती आयांना सांगे. सेवेरोने ते मनात ठेवले होते.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सरांचे बोट कळीवरच होते. सवयीने त्यांनी ती पुन्हा दाबली. खूण एक ओळ खाली सरकली आणि खुद्द गावप्रमुखाच्या, म्हणजे कॅप्टनच्या आईवर थांबली.

सरांनी चटकन संगणकाचे झाकण मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने नेमेसियाने गाव सोडायचे, असा हुकूम कॅप्टनने काढला. धक्क्यावर ती गाठोडे आणि सुमान शिजवायचा मोठा हंडा घेऊन उभी होती. निरोपाला कोणी नव्हते, बघायला मात्र सारा गाव होता. सर गर्दीच्या मागे होते.

"जाणार कुठं तू?" एकीने विचारले.

"जिथं चादरीवर नाव नसेल तिथं."

बोट लागली आणि तिच्यातून एदलिन उतरली. नेमेसियाच्या तोंडून सारे ऐकताच तिच्या कपाळाची शीर ताठली.

"कोणी शोधलं हे?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिले. सरांनी पाण्याकडे.

एदलिनने मासे तोलायच्या फळीवरच आपल्या संगणकावर तीच यादी उघडली. "या सर. सगळे मानाने ताताय म्हणतात त्या सेवेरोंच्या बरोबर वरचं नाव धरा. घाला चांदणी. शोधा."

खूण सेवेरोवर थांबली.

"काय हो ताताय, तुम्ही पण?" एक कोळीण ओरडली. धक्का हास्याने दणाणला.

"यंत्र बिघडलंय!" सेवेरो म्हणाला.

"काल बरं होतं वाटतं?"

"बिघडलेलं नाही," एदलिन म्हणाली. "नुसती चांदणी घातली की यंत्राला वाटतं, काहीही चालेल. मग पुढचं जे नाव येईल त्यावर ते थांबतं. परवा माझ्याकडे चांदण्या शोधताना कॅप्टनसाहेब असेच अडले होते, तेव्हा ताताय शेजारी बसून बघत होते. ज्याच्यावर कुभांड रचायचं यादीत त्याच्या वरच्या नावापासून सुरुवात करायची, एवढीच विद्या! खरी चांदणी शोधायची तर तिच्याआधी ही आडवी लाट काढायची." तिने ~ हे चिन्ह दाखवले. "डासांच्या अळ्या सापडलेल्या घरांपुढे मीच चांदण्या लावल्यात. ताप तिथून येतो. शोधा आता."

सरांनी लाट घातली, चांदणी घातली. खूण नेमेसियाला ओलांडून, कॅप्टनच्या आईला ओलांडून पार खाली गेली आणि एका नावावर थांबली. त्या नावापुढे चांदणी होती, सगळ्यांना दिसेल अशी. नाव सरांचे होते.

"परसातलं पाण्याचं पिंप, सर," एदलिन हळू आवाजात म्हणाली. "झाका म्हटलं होतं मी."

बोटीचा भोंगा वाजला. सर नेमेसियापाशी गेले.

"नानाय," त्यांनी तिला आईच्या मानाने हाक मारली, "जाऊ नका."

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिले. "काल तुम्हाला हे ठाऊक नव्हतं ना, सर?"

नाही म्हणायला वाट मोकळी होती. सारा गाव तेच उत्तर धरून चालला होता.

"लाटेचं ठाऊक नव्हतं. पण मी कळ पुन्हा दाबली होती. ते कॅप्टनच्या आईवर थांबलं. खोटं आहे हे तेव्हाच कळलं मला. आणि मी झाकण मिटलं."

धक्क्यावर कोणी हसले नाही. कॅप्टनने मान खाली घातली.

"मग एकट्या सेवेरोला कशाला हसता?" नेमेसिया म्हणाली. तिने हंडा उचलून सरांच्या हातात दिला. "धरा. जड आहे. घरापर्यंत न्यायचाय."

सर हंडा घेऊन तिच्या मागून भर गावातून चालत गेले. वर बघायचे धाडस त्यांना झाले नाही.

वाचकहो, सेवेरो गावोगावी असतात, पण एकट्या सेवेरोच्या बळावर कुठलाच चमत्कार उभा राहत नाही. त्याला चार शहाण्यांचे मौन लागते. कोणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग दुसऱ्या नावावर करून बघा. आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोला.