भरल्या गाडीचं माप

गाडी जॅकवर उचलून चाकाचं माप घेणाऱ्या माणसाला अप्पांनी पूर्वी दुकानाच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं. आता तोच उद्योग त्यांचा मुलगा भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करत होता. गुडघ्यावर बसून, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये पट्टी खुपसून तो म्हणत होता, की आरामात बसेल, वर जागाच जागा आहे. अप्पा भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून मान डोलावत होते. त्यांच्या थोरल्या लेकीच्या, ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी उचलली की चाक खाली लोंबतं आणि वरची फट ऐसपैस दिसते. तीच गाडी जमिनीवर आणून चार माणसं आत बसवली, की त्या फटीत जेमतेम दोन बोटं जातात. हे कळायला फार अक्कल लागत नाही, आणि हे सगळं अप्पांनीच शिकवलेलं. दुकानाची रीतच तशी होती. कुणी रुंद चाकं मागायला आलं, की आधी गाडी माणसांनी भरायची. गिऱ्हाइकाची बायको, सासू, शेजारचा शिंपी, जो हाताला लागेल तो आत. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि अप्पा जमिनीवर आडवे होऊन माप घ्यायचे. शिंप्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांत बसण्यात गेलं होतं.

अप्पांचे हात कापायला लागले तेव्हापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, आडवं होऊन आकडे सांगायचं काम ताईकडे होतं, माप पक्कं करायचं मात्र अप्पांकडेच. धाकटा भाऊ दुकानात आठ महिन्यांपूर्वी आला. त्याआधी तो मोबाइल विकायचा, आणि त्याला चाकाचा रंग सोडून चाकाबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. पण तो गोड बोलायचा आणि त्याचे कपडे स्वच्छ असायचे. गेल्या आठवड्यात अप्पांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की मला आता झेपत नाही, यापुढे माप कोण घेणार ते हेडबाईंच्या गाडीवर ठरवू. या दुकानात माप घेणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो. म्हणजे दुकान कुणाचं, हेच ठरणार होतं. अकरा वर्षं जमिनीवर लोळल्यावरही ते अजून ठरायचंच होतं, हे ऐकून ताई त्या रात्री जेवली नव्हती.

हेडबाई शाळेतून निवृत्त व्हायला आल्या होत्या. जन्मभर करड्या साड्या नेसून झाल्यावर त्यांना गाडीला काळी, सोनेरी काठाची चाकं हवी होती, आणि ती हवी म्हणताना त्या चक्क लाजल्या होत्या. त्यांची अट एकच. गाडी खाली-वर करायची नाही, सस्पेंशन कंपनीचंच राहू द्यायचं, कारण मागे त्यांची ऐंशीच्या घरातली आई आणि मावशी बसतात.

ताईनं धाकट्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. कंपनीचं चाक पंधरा इंची, सहा इंच रुंद, ऑफसेट पंचेचाळीस. त्यानं निवडलेलं सतरा इंची, आठ इंच रुंद, ऑफसेट पस्तीस. ऑफसेटचा आकडा जेवढा घटतो, तेवढं चाक मडगार्डच्या बाहेर सरकतं. वाढलेल्या दोन इंच रुंदीतले निम्मे, म्हणजे पंचवीस, आणि ऑफसेटचे दहा, एकूण पस्तीस मिलिमीटर चाक बाहेर येणार. मागे माणसं बसली, की मडगार्डची कड टायर कापत जाणार. त्यापेक्षा सोळा इंची, सात रुंद, ऑफसेट बेचाळीस घे, त्यातही काळं-सोनेरी मिळतं, आणि घेण्याआधी गाडी भरून बघ.

धाकटा म्हणाला, तू हे सगळं फार किचकट करून ठेवतेस. पट्टी दाखवली. चार बोटं जागा होती म्हणाला.

"जॅकवर," ताई म्हणाली.

ती अप्पांकडे वळली. हेडबाई तिथेच, दोन पावलांवर उभ्या होत्या. अप्पांनी ताईकडे पाहिलंही नाही.

"बाई, हिचं मनावर घेऊ नका," ते हसत म्हणाले. "ही लहानपणापासून भित्री आहे. त्याला करू दे त्याच्या मनासारखं."

भित्री. जॅक घसरून गाडी बोटभर अंतरावर आदळली, तेव्हा उठून हात झटकून दुसरा जॅक लावणारी ती भित्री. ताईला पाना उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. तिनं तो जागेवर ठेवला, कारण पाना चांगला होता.

तीन दिवसांनी चाकं चढली. नट आवळायला अर्थात ताईच लागली, कारण धाकट्याला अंदाजानं आवळायची सवय आणि ताईला मापाच्या पान्यानं, कंपनीनं ठरवलेल्या आकड्यापर्यंत. चाकं दिसायला देखणी होती, यात वाद नाही. हेडबाई आई आणि मावशीला घेऊन आल्या, त्यांनी गाडीभोवती दोनदा फेरी मारली, आणि धाकटा नवरदेवासारखा मिरवत राहिला. किल्ली त्यानं पुढे केलीही होती. ताईनं मधल्यामध्ये ती काढून घेतली.

भरून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, असं तिनं सांगितलं. धाकट्यानं तोंड वाकडं केलं. अप्पा म्हणाले, कशाला उगाच, म्हाताऱ्या माणसांना दगदग. मावशी म्हणाल्या, आम्ही तर बसायलाच आलोय. मग मागे आई, मावशी आणि त्यांच्या मधोमध अप्पा. अप्पा बसायला तयार नव्हते. ज्यांनी गावभरच्या गाड्या माणसांनी भरल्या, त्यांना आज गुडघा आठवला. ताईनं दार उघडं धरलं आणि ते बसेपर्यंत ती हलली नाही.

हेडबाईंनी गाडी सुरू केली. ताई शेजारच्या सीटवर उलटी, मागे तोंड करून बसली, म्हणजे चाकांचा आवाज नीट ऐकू यावा. फाटकाशी सिमेंटचा उंचवटा आहे. पुढची चाकं त्यावरून उतरली. मागची चढायची होती, अजून काहीही झालं नव्हतं, आणि ताईनं पाहिलं, की अप्पांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मग खर्रकन आवाज झाला, आणि पाठोपाठ दुसऱ्या बाजूनं तसाच.

"काय फाटलं गं?" आईंनी विचारलं.

खाली उतरून पाहिलं, तर दोन्ही मागच्या टायरांच्या खांद्यावरून रबराची साल निघाली होती आणि डाव्या मडगार्डची कड बाहेर वळली होती. हेच भर रस्त्यावर, वेगात झालं असतं तर टायर फुटला असता, आणि आत या दोघी. धाकटा म्हणत होता, की कड जरा आत ठोकली की झालं. तिला त्याचा आवाजही ऐकवेना, पण राग त्याच्यावर नव्हताच. ती अप्पांना दंडाला धरून टायरांच्या ढिगामागे घेऊन गेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

अप्पा वरच्या टायरावरची धूळ झटकू लागले.

"डोळे आधी मिटलेत तुम्ही. माहीत होतं ना?"

"गाडी जॅकवर होती," अप्पा म्हणाले. "दिसत होतं मला. मी काय आंधळा आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"पहिलंच काम त्याचं. चारचौघांत त्याला तोंडघशी पाडू?"

"आणि मला पाडलंत ते?"

"तुझं काय," अप्पा अगदी सहज म्हणाले. "तू सोसतेस. तो कोलमडला असता."

ताईला वाटलं होतं, की निदान ते खाली बघतील. त्यांनी उलट तिच्या खांद्यावर थोपटलं, पूर्वी चांगलं माप घेतल्यावर थोपटायचे तसंच, आणि ते बाहेर गेले. हेडबाईंसमोर त्यांनी कापरे हात जोडले.

"बाई, चूक झाली. माप मी घेतलं होतं. वय झालं माझं, नजर चुकली."

धाकट्यानं सुटकेचा श्वास टाकला. हेडबाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, की असं कबूल करायलाही मोठं मन लागतं, हल्ली कोण करतं. मावशींनीही मान हलवली. बघता बघता अप्पा थोर झाले, धाकटा नामानिराळा झाला, आणि जिचं माप बरोबर होतं ती टायरांच्या ढिगाशी काळ्या हातांनी उभी होती.

"खोटं आहे," ताई म्हणाली. "माप ह्यानं घेतलं. अप्पांना चूक दिसत होती, ते गप्प बसले. आणि मी तुमच्यासमोर सांगत होते, तेव्हा मला भित्री म्हणाले."

अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं घरातली भांडी रस्त्यावर फेकली होती. धाकटा पुटपुटला, की आता म्हाताऱ्या माणसाचा अपमान करायचा का. ताईनं त्याला उत्तर दिलं नाही. तिनं जॅक ओढला, काळी चाकं उतरवली, कंपनीची चढवली, एकेक नट आकड्यापर्यंत आवळला आणि दुसऱ्यांदा तपासला. आत दोन म्हाताऱ्या बसणार होत्या, त्यांचा यात काही दोष नव्हता. ती वळलेली कड तिनं हातोडीनं बेतानं सरळ केली. तोवर सगळे उभेच होते.

हेडबाई किल्ली घेताना घुटमळल्या. त्यांनी अप्पांकडे पाहिलं नाही, ताईकडे पाहिलं.

"ती सोळा इंची म्हणत होतीस," त्यांनी हळूच विचारलं, "त्यांचं माप कोण घेईल?"

"मी," ताई म्हणाली. "पण इथे नाही."

कुठे, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. हेडबाईंनी पर्समधून वही काढून तिचा नंबर मागितला, आणि ताईनं तो अप्पांना स्पष्ट ऐकू जाईल असा, एकेक आकडा सुटा करून सांगितला.