रेडिएटरमधलं पाणी

२००५ च्या महापुरात पादरी शमुवेल साळवी आणि त्यांची बायको मर्सीबाई छावणीत खिचडी वाटायचे आणि बंद पडलेल्या गाड्या फुकट दुरुस्त करायचे. खिचडीवर कुणाचा आक्षेप नव्हता. दुरुस्तीवर मात्र आमच्या बाबासोकाकाचा संशय होता, कारण आमच्याकडं फुकट कोण हवासुद्धा भरून देत न्हाय.

पण पुराच्या पाण्यात राहून आमचा टेम्पो बंद पडलेला, छावणीतल्या पोरांचं दूध कॅनमध्ये आणि ऊन चढत चाललेलं. दूध नासलं असतं, म्हणून काकानं त्यांना बोलावलं.

मर्सीबाई पाना घेऊन टेम्पोखाली शिरल्या. पादरींनी सवयीप्रमाणे डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.

"थांबा पावणं!" काका ओरडला. "गाडीचा बाप्तिस्मा केला की तुम्ही!"

"अहो, मी नुसती प्रार्थना केली. पाणी इंजिनासाठी आहे."

"आमच्या घरानं छप्पन साली विचार करून धर्म बदललाय. तुम्ही टेम्पोला विचारलं का?"

टेम्पोखालून मर्सीबाई म्हणाल्या, "दूध नासेल हो. मी पाणी सोडते, तुम्ही डोळे उघडे ठेवून परत ओता."

पादरींनी डोळे सताड उघडे ठेवून परत पाणी ओतलं. काकानं त्यांच्या ओठांवर पहारा दिला.

टेम्पो किल्ली फिरवताच सुरू झाला. दूध वेळेत पोचलं, पण काका वाटभर सारखा किल्लीकडंच बघत होता. आमचा टेम्पो आजवर धक्क्याशिवाय सुरू झालाच नव्हता.

उतरताना तो म्हणाला, "मनातल्या मनात म्हटलंय त्यानं."