तोंड थांबलं की खडू ठेव

अमडापूरच्या विहारालगतच्या खोलीत मी रोज संध्याकाळी मुलांचा वर्ग घेतो. शाळेतून निवृत्त झालो, पण खडू काही सुटला नाही. या वर्गाचा नियम एकच. फळ्याजवळ उभं राहणाऱ्याने लिहिता लिहिता बोलायचं. 'हातचा एक कुठून आला?' 'इथे भागाकार का केला?' सगळं मोठ्याने सांगायचं. तोंड थांबलं की खाली बसलेली पोरं एका सुरात ओरडतात, "खडू ठेव!" मग दुसऱ्याची पाळी. उत्तर पाठ करून आलेलं पोर त्यामुळे लगेच उघडं पडतं, आणि ज्याला खरंच कळलंय त्याला आणखी कळतं.

समता याच वर्गातली. पंचफुलाबाईंची मुलगी. इंजिनीअर होऊन पुण्यात एका कंपनीत लागली. दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर वापरून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. ते काम पुढे यंत्रच करू लागलं आणि कंपनीने तिच्या अख्ख्या गटाला घरी पाठवलं. ती गावी परतली, पण हातावर हात ठेवून बसली नाही. चुका शोधणारा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा कसा, हे ती इथे बसून शिकली. नव्या नोकरीसाठी कंपन्यांच्या लेखी परीक्षा ती पास व्हायची. मुलाखतीत मात्र दरवेळी नकार.

"नेमकं अडते कुठं?" मी एकदा विचारलं.

"गुरुजी, थे म्हनतात, विचार करता करता बोला. मी बोलली का हात थांबते, अन् हात चालला का तोंड बंद होते."

"माह्या वर्गात त तू पोपटासारखी बोलायची."

"तिकडं पुन्यात मी एकदा मीटिंगमधी 'करतेय'च्या जागी 'करून राह्यली' म्हटलं. सगळे हसले. मंग जो तो मले 'काय करून राह्यली?' म्हनून चिडवे. तवापासून मी ई-मेलच लिहीत गेली."

तिचं कुठे अडलंय ते तेव्हा मला कळलं. मी तिला वर्गात बोलावलं. "तुह्यं काम माह्या पोरांले शिकव. त्यांच्या भाषेत."

ती रोज येऊ लागली. सुरुवातीला पोरांनी तिला वाक्यागणिक खडू ठेवायला लावला. सगळ्यात पुढे अदीबा, जब्बारभाई शिंप्यांची नात. चौथीत आहे, आवाज मात्र बँडवाल्याचा. "ताई, काऊन?" हा तिचा ठरलेला प्रश्न. 'असं का' विचारणाऱ्या त्या 'काऊन'ला उत्तर देता देता समताचा आवाज मोकळा होत गेला.

मग एका मोठ्या कंपनीची शेवटची मुलाखत आली. घरून काम करायची मुभा होती. ही हुकली तर धाकट्या मामाच्या ओळखीने चिखलीला दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. तिच्या घरी नेटवर्क धड लागत नाही, म्हणून ती लॅपटॉप घेऊन वर्गाच्या खोलीत बसली. मुलाखत दुपारची होती. मुलाखत घेणाऱ्या साहेबांना उशीर झाला आणि ती सुरू होईपर्यंत वर्गाची वेळ झाली. पोरं दारात. त्यांना परत कसं पाठवू? बोटाने गप्प राहायची खूण करून मी त्यांना मागच्या सतरंजीवर बसवलं.

पडद्यावर एक साहेब आणि एक बाई होत्या. प्रश्न इंग्रजीत होता. समताने तो मला नंतर सांगितला. एका कार्यालयात दिवसभर बैठका आहेत. प्रत्येकीची सुरू व्हायची आणि संपायची वेळ दिलेली आहे. तर कमीत कमी किती खोल्या लागतील?

समता टाइप करू लागली. बोटं चालली होती. तोंड बंद. साहेबांनी काहीतरी विचारलं, तिने नुसती मान हलवली. पंचफुलाबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. खोलीत नुसती बटणांची टकटक.

आणि मागून आवाज आला, "खडू ठेव!"

अदीबाच. सवयीने सुटलं तिच्या तोंडून. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिने जीभ चावली आणि पंचफुलाबाईंच्या बाजूने धूम पळाली.

"हू वॉज दॅट?" साहेब म्हणाले. समताने अडखळत वर्गाचा नियम सांगितला. पडद्यावरच्या बाई मोठ्याने हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "मग त्या मुलांनाच सांगा ना. मीही ऐकते."

समताने लॅपटॉप किंचित वळवला आणि पोरांकडे पाहिलं.

"हे पाहा, आपलं चिखलीचं बसस्टँड. बस आली का एक फलाट भरला, गेली का मोकळा झाला. येन्याच्या वेळा एका बाजूले क्रमानं मांडा, जान्याच्या दुसऱ्या बाजूले. जे वेळ आधी येते थे उचला. बस आली असंन त एक वाढवा, गेली असंन त एक कमी करा. दिवसभरात आकडा जेवढा वर चढला, तेवढे फलाट पायजे. बसच्या जागी बैठक, फलाटाच्या जागी खोली." मग स्वतःच थबकली. "पन एक बस निघते अन् त्याच मिनटाले दुसरी येते, तवा?"

हाच प्रश्न तिने पडद्याकडे वळून इंग्रजीत विचारला. साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यानंतर ती बोलतही होती आणि लिहीतही होती. तिचं इंग्रजी मला त्या दिवशी पहिल्यांदाच समजल्यासारखं वाटलं.

निवडीचा निरोप आला तेव्हा पंचफुलाबाई साखर घेऊन आल्या आणि माझ्या पाया पडू लागल्या. "माह्या नाई," मी म्हटलं, "जिच्या पडाचं त्या अदीबानं त्या दिवसापासून वर्गात येनंच बंद केलं."

मी आणि समता जब्बारभाईंकडे गेलो. मशीन थांबवून ते म्हणाले, "गुरुजी, हमारी छोरी म्हनते का म्या ताईची नोकरी घालवली. धड जेवत नाई."

अदीबा कापडाच्या गठ्ठ्यामागे होती. समता तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"अवो, तू ओरडली म्हनून त मी बोलली. नोकरी भेटली मले. तुह्ये उपकार कसे फेडू सांग."

अदीबाने गठ्ठ्याआडून एक डोळा बाहेर काढला. "खरंच?"

"खरंच."

"मंग थो सवाल सांग. मी त पळून गेलती."

माझ्या खिशात खडू असतोच. मी तो समताच्या हातात दिला. दुकानाच्या फरशीवर तिने बसस्टँड काढायला घेतलं. अदीबा बाहेर आली आणि शेजारी उकिडवी बसली. तिचं लक्ष फरशीकडे नव्हतं. ती समताच्या तोंडाकडे बघत होती.